माईंना ऐकू न आलेली घंटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे – ते मलाही नीट सांगता येणार नाही.

नव्वदच्या दशकात मी नाशिकला कॉलेजात होते. सायकलने जायचे. कॉलेज रोडवर रिक्षा-टेम्पोंची गर्दी झाली की सरळ फूटपाथवर चढायचे. सगळेच चढायचे म्हणा. पण मला आणखी एक खोड होती – चालणाऱ्याला चाहूलही लागू न देता, अगदी त्याच्या कोपराजवळून सुळकन निघून जायची. माणूस दचकायचा. मला हसू यायचं. त्यात हसण्यासारखं काय होतं?

आमच्या खालच्या मजल्यावर माई राहायच्या. मूळच्या विंचूरच्या, नवरा गेल्यावर मुलाकडे आलेल्या. रोज सकाळी एकट्याच भाजीला जायच्या. अख्ख्या बिल्डिंगची कोथिंबीर त्याच आणायच्या, कारण त्यांच्यासारखी घासाघीस आमच्यापैकी कुणालाच जमायची नाही.

त्या सकाळी फूटपाथवर माझ्यापुढे त्याच होत्या. पाठमोऱ्या असूनही मी त्यांना ओळखलं होतं. तरीही – की म्हणूनच? – तशीच घातली सायकल. नेमक्या त्या पिशवीचा हात बदलायला वळल्या. हँडल लागलं. त्या पडल्या, मनगट मोडलं.

लोक जमले. कुणीतरी ओरडलं, "फूटपाथ काय सायकलींसाठी आहे का?" आणि मी रडत म्हणाले, "मी घंटी वाजवली होती! दोनदा वाजवली!"

वाजवली नव्हती. बोट घंटीपाशी गेलंसुद्धा नव्हतं.

माईंनी खाली बसल्या बसल्या माझ्याकडे पाहिलं. "वाजवली असंल पोरीनं," त्या लोकांना म्हणाल्या. "मलाच ऐकू नाय आली. तिला नका बोलू."

तेव्हाच सांगायला हवं होतं ना?

मुलानं त्यांचे कान तपासून आणले. कान ठणठणीत निघाले. पण घरात त्याचा भलताच अर्थ लागला – कान चांगले असून घंटी कळली नाही, म्हणजे आईचं लक्षच ठिकाणावर नसतं. आधी त्यांचं एकटीनं बाहेर जाणं बंद झालं. मग गॅस पेटवणं. दूध उतू गेलं – ते कुणाकडून जात नाही? – तर सगळे एकमेकांकडे बघायचे. पुढे पुढे सून तान्ह्या नातीलाही त्यांच्याजवळ ठेवेना.

एकदा त्यांनी मला जिन्यात थांबवलं. आम्ही दोघीच होतो.

"पोरी, खरं सांग, मी रागावणार नाय. घंटी वाजली होती का?"

आवाज घाबरलेला होता. त्यांना काय ऐकायचं होतं, ते मला कळत होतं. 'नाही' – एवढंच तर म्हणायचं होतं.

"हो, माई," मी म्हणाले. "चांगली जोरात वाजली होती."

"मंग माझंच डोकं गेलं बघ," असं म्हणत त्या कठडा धरून सावकाश खाली उतरल्या.

माझं लग्न झालं. माहेरी आले की माई खिडकीत बसलेल्या दिसायच्या. मी वर न बघता आत शिरायचे – त्या हाक मारतील, म्हणून. दोन हजार सालानंतर कधीतरी त्या गेल्या.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, "आईला एकटीला बाहेर सोडलं नाही, म्हणून तिला इतकी वर्षं नीट सांभाळता आलं." त्याचे डोळे भरून आले होते.

माईंना काहीही झालेलं नव्हतं. त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं.

"खरंय," मी म्हणाले.