वडिलांसमोरची जागा

तापातून उठल्यावर वडिलांना ऐकू येईना. आम्ही म्हैसूरचे रंगारी. घरात मराठी, दारात कन्नड आणि पोट ठशांवर. ठसा तुरटीच्या खळीत बुडवायचा, कापडावर ठेवायचा आणि वरून मूठ मारायची. तुरटी डोळ्यांना दिसत नाही. नक्षी उमटते ती दुसऱ्या दिवशी, लाल रंगाच्या कढईत. तोवर भिस्त आवाजावर. ठसा नीट बसला तर ‘धप्’, कड उचललेली राहिली तर ‘टक्’. म्हणून वडील मला समोर बसवत. ‘टक्’ आलं की मी हात वर करायचा, मग ते पुन्हा मूठ मारत. त्यांचं सगळं काम माझ्या कानांवर चाललं होतं.

त्याच दिवसांत शाळेत इंग्रजीची तोंडी परीक्षा आली. बाईंनी एक शब्द दिला, कॅकॉफनी. अर्थ, कानाला नकोसा गोंगाट. काही केल्या तो डोक्यात राहीना. बाई म्हणाल्या, “अवघड शब्द घरातल्या वस्तूंना टांगून ठेवा गं.” मी त्याचे तुकडे केले. कॅ म्हणजे परसातला कावळा, कॉ म्हणजे आजोबांचा खोकला, फनी म्हणजे केसांत अडकली की काकू किंचाळते ती फणी. तिन्ही एकदम सुरू झाले की झाला गोंगाट. माझ्या अकलेचं मलाच फार कौतुक वाटलं.

त्या आठवड्यात पिरियापट्टणच्या एका लग्नाचं कापड होतं. वडील मूठ मारत होते आणि समोर बसून मी कावळा, खोकला, फणी घोकत होते. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं होतं तेच झालं. दुसऱ्या दिवशी कापड कढईतून काढलं, तर किनारभर नक्षी तुटलेली. मी एकदाही हात वर केला नव्हता.

वडील ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती कापडाची घडी घातली.

“होगली, सोड गे,” ते म्हणाले. “तू शाळेचं बघ.”

मला रडूही आलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं. जेवले, भांडी घासली, झोपले.

परीक्षेत नेमका तोच शब्द विचारला. मी घडाघडा अर्थ सांगितला आणि वरच्या वर्गात गेले. आनंद झाला असं म्हणवत नाही.

घरी आले तेव्हा वडील छापत होते. समोर धाकटी बहीण बसली होती. मी दारातूनच ओरडले, “अप्पा, पास झाले!”

त्यांनी माझ्या हलत्या ओठांकडे पाहिलं. मग मी काय म्हणतेय, हे विचारायला ते बहिणीकडे वळले.