सासूबाई, सहा गोळ्या आणि कुरडयांचा साचा

आबकारी खात्यात असताना माझ्या कमरेला सरकारी रिव्हॉल्व्हर असे आणि त्यापासून कुणालाही कसलाच धोका नव्हता.

हे माझं मत नव्हे, खात्याचं होतं. वर्षातून एकदा आमची नेमबाजीची परीक्षा होई. सहा गोळ्या मिळत, त्यातल्या चार फळीवर लागल्या की पास. पहिल्या वर्षी माझी एक लागली. दुसऱ्या वर्षी एकही नाही! (फळी इतकी कोरी राहिली की पुढच्या माणसाला तीच वापरायला दिली.) तिसऱ्या वर्षी साहेबांनी बोलावून सांगितलं, "यंदा नापास झाले, तर रिव्हॉल्व्हर जमा करा आन् रेकॉर्ड रूममधे बसा."

त्या खोलीत वाळवी आणि एक म्हातारा कारकून राहत असत. जीप, छापे, रुबाब, सगळंच जाणार होतं. आणि माझं लग्न तर त्या रुबाबावरच जमलं होतं! मी मनापासून घाबरलो.

आम्हाला शिकवणाऱ्या हवालदारांना सगळे उस्ताद म्हणत. ते म्हणाले, "साहेब, तुमी चाप दाबत नाही, हिसकता. नळी खाली जाते. वरून आवाजाच्या आधीच डोळे मिटून राहिले तुमी!"

"मग काय करू?"

"घरी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर प्रॅक्टिस करा. नळीवर चाराणे ठेवा. चाप दाबून चाराणे नाही पडले, तं समजा जमलं."

नंदनवन वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी भिंतीकडे तोंड करून उभा राहू लागलो. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री मी तीनदा करी, चौथ्यांदा माझी बायको कुसुम करी. (तिचा माझ्या मोजण्यावरही विश्वास नव्हता.) मग चाप दाबला की चाराणे खाटेखाली. पुन्हा दाबला की पुन्हा खाटेखाली. आठवडाभरात खाटेखालची जमीन माझ्या गुडघ्यांनी लख्ख पुसून निघाली.

अशातच उमरेडहून सासूबाई उन्हाळ्याच्या कुरडया करायला गव्हाचं पोतं घेऊन आल्या. दारातच थबकल्या.

"कुसुम, जवाईबापू काय करून राहिले वं?"

"नेम शिकून राहिले, आई."

सासूबाई पाच मिनिटं बघत राहिल्या. चाराणे तीनदा पडले.

"जवाईबापू, ते आदी आलमारीत ठेवा. असा हिसका माराल तं कुरडई तुटन!"

"आई, ही कुरडई नाही, रिव्हॉल्व्हर आहे."

"दाबाचं तं दोनीले सारखंच हाये ना?"

मी खाटेखालचे चाराणे काढले आणि रिव्हॉल्व्हर आलमारीत ठेवलं.

गहू तीन दिवस भिजले, चीक निघाला आणि पाचव्या दिवशी सकाळी सहा वाजता मी गच्चीवर बनियनवर उभा होतो आणि माझ्या हातात कुरडयांचा साचा होता. त्यात गव्हाचा गरम चीक भरायचा, वरचा दट्ट्या एकसारख्या जोराने दाबायचा आणि साचा गोल फिरवायचा. जरा हिसका बसला की तार तुटते. माझी पहिली कुरडई गोगलगाईएवढी झाली.

"हळू गा बापू, हळू! मनगट काहून हालवता? श्वास धरा!"

शब्दन् शब्द उस्तादांचाच! मी डोळे मिटतो हे कळल्यावर तर सासूबाईंनी कुसुमला पितळेची परात आणि लाटणं देऊन माझ्या मागे उभं केलं. मी दट्ट्या दाबत असताना ती मनाला येईल तेव्हा दाणकन परात वाजवी. (दोन वर्षांच्या संसाराचा सगळा हिशेब तिने त्या परातीवर चुकता केला.) पहिल्या दिवशी मी साच्यासकट उडालो. दहाव्या दिवशी पापणीही हलेना.

परातीच्या आवाजाने गल्ली गच्चीवर लोटली. शेजारच्या बोरकरकाकूंनी माझ्या कुरडया उचलून निरखल्या. "अव्वा, कशा एकसारख्या!" असं म्हणाल्या आणि तासाभरात आपला चीक घेऊन आल्या. परीक्षेपर्यंत मी चार घरांच्या कुरडया घातल्या. सराव तो सरावच!

परीक्षेच्या दिवशी मैदानावर आम्ही आठजण ओळीने उभे होतो. सगळीकडे धाडधाड सुरू झालं. मला वाटलं, परातच ती! "हळू, कुरडई तुटन," असं पुटपुटत मी चाप दाबत गेलो. एक, दोन, पाच गोळ्या फळीच्या मधोमध! उस्तादांनी तर तोंडावर हात ठेवला.

पण कुरडईच्या चालीने मी चाललो होतो. तोवर बाकी सात जणांचं आटोपलं होतं आणि मैदान शांत झालं. मी सहाव्यांदा दाबायला लागलो, परातीची वाट बघत. परात वाजेना. अजून वाजेना. आणि ती वाजत नाही म्हणून मी असा दचकलो की गोळी फळीखालच्या नंबराच्या पाटीत घुसली!

पाच लागल्या होत्या. मी पास झालो! साहेबांनी विचारलं, "सहावीले काय झालं?"

"सर, परात वाजली नाही."

मग सगळंच सांगावं लागलं. साहेब गंभीरपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "उद्या सकाळी सहाले बंगल्यावर या."

शाबासकी! कुसुमने वर्दीला इस्त्री केली, सासूबाईंनी परत जायचं लांबवून उमरेडची एस.टी. जाऊ दिली. मी बुटांना पॉलिश करून, कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फाटकाशी कडक सॅल्यूट ठोकला. साहेबांनी माझ्या कमरेकडे बघितलं.

"हे काहून आणलं? साचा कुठं आहे? बाईसाहेबांचा चीक थंडा होऊन राहिला!"

रेकॉर्ड रूम कायमची टळली. रिव्हॉल्व्हर निवृत्तीपर्यंत माझ्याकडेच राहिलं आणि कामावर असताना ते एकदाही झाडावं लागलं नाही. साचे मात्र तीन झिजले.