वरच्या मजल्यावरची अमेरिका

इथे आखातात, अल मजाज भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर रत्नागिरीच्या एक चाची राहतात. माझ्या मुलीला शाळेत अमेरिकेचा इतिहास आहे. मी शिकवायला बसले की ती जांभया देते आणि चाचींकडे पळते. काल तिला बोलवायला गेले, तर चाची समोशाच्या पट्ट्या लाटत सांगत होत्या, "महायुद्धात अमेरिकेचे पुरुष लढायला गेले, मग कारखाने कुणी चालवले? बायकांनी! आमचे दादले इकडे आखातात आले, तेव्हा शेती, घर, सगळं कुणी बघितलं? तसंच ते. यल्ला, चल, आता तू सांग."

समोसे भरता भरता मुलगी घडाघडा सांगू लागली, तेही चक्क मराठीत. माझा नुसता जळफळाट झाला. दारातूनच म्हटलं, "चल घरी."

"टू मिनिट्स, मम्मा."