मध्यस्थाकडे आधी कोणी जायचं?

मंडळी, आज माझं चुकलं का, ते तुम्हीच सांगा.

जळोचीतली उसाची रोपवाटिका मी आणि सुनील भागीदारीत चालवतो. आता वेगळं व्हायचं ठरलंय, पण रोपवाटिका कोणी ठेवायची यावर दोघंही अडून बसलोय. कोर्टापेक्षा मध्यस्थ बरा, म्हणून सकाळी बावड्याच्या तात्यांकडे गेले. रोपांच्या धंद्यातले जुने, दोघांच्याही विश्वासातले.

मी विषय काढताच त्यांनी हात वर केला. "सुनीलराव कुठं हायत?"

"मी एकटीच आलेय."

"मग च्या घ्या. पण भांडणाचं एक अक्षर काढायचं न्हाय. एकाचं आधी ऐकलं की मी त्याचाच झालो. दुसऱ्याच्या काय उपयोगाचा?"

चहा होईपर्यंत आम्ही फक्त उन्हाबद्दल बोललो. बाहेर येऊन सुनीलला फोन केला.

"ताई, आधी तुम्ही गेलात? मग तात्या नकोत."

"अरे, मी काही बोललेच नाही!"

"चहा घेतलात ना?"

राग आला. पण तो आधी गेला असता, तर मीही हेच म्हटलं असतं.

ज्यांनी ऐकायलाच नकार दिला, त्यांच्याइतका निःपक्षपाती माणूस आता कुठून आणू? तुम्ही अशा वेळी पहिला फोन कोणाला करता, मध्यस्थाला की समोरच्याला?