कप्तानीणबाई आणि डावीकडचं गोदाम

सकाळचे नऊ चाळीस. धक्क्याला लागलेल्या बारा मजली जहाजाच्या सातव्या मजल्यावर, बंद दुकानांच्या रांगेसमोर एक बाई उलट्या चालत आहेत. तोंड पाहुण्यांकडे, पाठ पुढच्या वाटेकडे. हातात मिटलेली पिवळी छत्री. ती उंच धरली की मागचे चुकत नाहीत.

इथे घड्याळं, तिथे चष्मे, कोपऱ्यावर अत्तरं, असं त्या सांगतात. सगळ्या दुकानांची शटरं खाली आहेत. जहाज बंदरात असताना ती उघडत नाहीत, आणि जहाज बंदरात नसताना बाई जहाजावर नसतात. त्यामुळे अकरा वर्षांत त्यांनी यातलं एकही दुकान उघडं पाहिलेलं नाही. सांगतात मात्र अशा की मागच्या रांगेतल्यालाही अत्तराचा वास यावा.

काम असं. जुने प्रवासी सकाळी उतरतात, नवे दुपारी चढतात. मधल्या वेळात खोल्या झाडल्या जातात, चादरी बदलतात, आणि पुढेमागे तिकीट काढायचा विचार असलेल्यांना जहाज हिंडवून दाखवतात. पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, व्यायामशाळा, तीन मजले वळसे घेत येणारी घसरगुंडी, आणि एक दगडी दिसणारी भिंत. ही भिंत लोक दोर बांधून चढतात आणि वर काही नसल्यामुळे परत उतरतात. दुपारी चारला शिडी काढली जाते आणि जहाज सुटतं. त्याआधी बाई खाली.

गल्लीत त्यांना कप्तानीणबाई म्हणतात. कप्तानीणबाई समुद्रावर एकदाही गेलेल्या नाहीत.

कारण साधं आहे. त्यांना झोपाळ्यावर बसलं तरी मळमळतं. लग्न होऊन सासरी येताना वाटेत दोनदा गाडी थांबवावी लागली होती. ही हकिगत सासूबाई आल्यागेल्याला अजून सांगतात, आणि दरवेळी नव्या उत्साहानं.

इतकी वर्षं कुणी काही विचारलं नाही. गेल्या महिन्यात मात्र कंपनीनं नवा नियम काढला: ज्यानं समुद्रावर निदान एक फेरी केलेली नाही, त्यानं जहाज दाखवायचं नाही. त्यानं फाटकाजवळच्या काचेच्या खोलीत बसून पाहुण्यांना गळ्यातले बिल्ले वाटायचे. उद्या सुटणाऱ्या दुसऱ्या जहाजावर तीन रात्रींसाठी एक खोली रिकामी होती. घरचं एक माणूस बरोबर नेता येणार होतं. हो की नाही, ते आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवा, असं मॅनेजरनं बजावलं होतं.

बाईंनी हे फक्त नवऱ्याच्या कानावर घातलं. नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून आजच्या पाहुण्यांत, नवे कोरे बूट घालून, सासूबाईही हजर होत्या.

सासूबाईंनी चाळीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलं. माणसं बघण्याआधी त्या त्यांची शिवण बघतात. नाट्यगृहात सगळे छताकडे माना वर करून पाहत होते तेव्हा त्यांनी खुर्चीचं कापड उलटून बघितलं आणि दोरा हलका आहे, एवढा एकच अभिप्राय दिला. सून उलटी चालते तेव्हा ती कशाला तरी अडखळेल म्हणून त्या पूर्ण वेळ तिच्या टाचांकडे बघत होत्या. सून अडखळली नाही. याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

आठव्या मजल्यावर बाईंनी उजवीकडच्या एका खोलीचं दार उघडलं, पडदा सारला, आणि समोर नुसतं पाणी. इथे पाहुणे नेहमी ‘अहाहा’ म्हणतात. आजही म्हणाले. मग बाईंनी आपला ठरलेला सल्ला दिला: खोली घ्याल तर उजवीच घ्या. डावीकडे पत्र्याचं गोदाम आहे. सुट्टी काढून यायचं आणि पत्रा बघत बसायचं, हे काय खरं नाही.

यात खोटं काही नव्हतं. या धक्क्यावर, जिथून शिडी लावतात तो प्रवाशांचा पूल एकाच जागी पक्का बसवलेला आहे, त्यामुळे इथे येणारं प्रत्येक जहाज डावी बाजूच धक्क्याला लावतं. बाईंनी अकरा वर्षांत जेवढी जहाजं पाहिली, तेवढ्यांच्या डावीकडे गोदाम होतं.

पाहुण्यांनी माना डोलावल्या. सासूबाई तिथे नव्हत्या. त्या समोरच्या, डावीकडच्या खोलीत चादरी बदलणाऱ्या पोराला बाजूला सारून पडद्याची शिवण तपासत होत्या. तिथून त्या सावकाश आल्या.

“अगं, गोदाम दिसतंय खरं,” त्या म्हणाल्या. “पण जहाज सुटलं की ते कुठे जातं?”

“कुठे म्हणजे? तिथेच असतं की.”

“आणि जहाज?”

बाईंचा हात पडद्यावर तसाच राहिला.

“मग डावीकडच्यांनी काय घोडं मारलंय?”

एक टक्कल पडलेले गृहस्थ घसा खाकरून म्हणाले की त्यांच्या मेव्हण्यानं बाईंच्याच सांगण्यावरून मागे उजवी खोली घेतली होती. सासूबाईंनी विचारलं, काय दिसलं त्याला? पाणी, गृहस्थ म्हणाले. आणि समोरच्यांना? गृहस्थांनी बराच विचार केला. त्यांनाही पाणीच दिसलं असणार, असं त्यांचं मत पडलं. एवढी वर्षं माना डोलावणाऱ्या शेकडो पाहुण्यांपैकी एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता, हे बाईंच्या बाजूनं नोंदवायला हवं.

सगळे हसले. बाईही हसल्या, पण कान लाल झाले होते. पुढे तलावापाशी त्या रोज म्हणतात, बघा पाणी कसं आरशासारखं. आज त्या म्हणाल्या, “समुद्रावर हे पाणी असंच राहतं का, मला माहीत नाही.” त्यावर कुणीतरी विचारलं, रात्री जहाज हलतं का? माहीत नाही. दुकानं किती वाजता उघडतात? तेही माहीत नाही.

फेरी संपल्यावर दोघी फाटकाजवळच्या बाकावर बसल्या. समोर ती काचेची खोली. आत खुर्ची, पंखा, बिल्ल्यांची टोपली, आणि काचेला बोलण्यापुरतं एक भोक.

बाई म्हणाल्या की वाटू बिल्ले, त्यात काय कमीपणा आहे. कमीपणा काही नाही, सासूबाई म्हणाल्या, पण त्या भोकातून माणूस दिवसाला किती बोलणार? उरलेलं सगळं संध्याकाळी घरी येऊन आम्हालाच ऐकवणार.

“मला मळमळेल, आई.”

“मळमळू दे. गाडी दोनदा थांबवली तेव्हा कपाळ कुणी धरलं होतं?”

कपाळ सासूबाईंनीच धरलं होतं. ती हकिगत सांगताना हा भाग त्या नेहमी गाळतात.

थोड्या वेळानं बाईंनी विचारलं, बरोबर येणार कोण? ह्यांना तर रजा नाही.

“पिशवी परवाच भरून ठेवलीय,” सासूबाई बुटाकडे बघत म्हणाल्या. “तू नाही म्हणाली असतीस तर रिकामी करावी लागली असती.”

पावणेपाचला बाईंनी मॅनेजरला हो कळवलं. मॅनेजरला आनंद झाला. खोली मात्र डाव्या बाजूची आहे, तो म्हणाला. या बंदरातून उजवीकडच्या खोल्या आधी भरतात आणि डावीकडच्या पडून राहतात. का ते वरच्या ऑफिसात कुणालाच कळत नाही, बाकी कुठल्याच बंदरात असं होत नाही. बाईंनी चेहरा कोरा ठेवला आणि चालेल म्हणाल्या.

उद्या सकाळी पाहुण्यांना हिंडवताना पिवळी छत्री दुसऱ्या गाइडच्या हातात असेल. चारला शिडी काढतात. खोली आठव्या मजल्यावर आहे, आणि तिच्या खिडकीतून चार वाजेपर्यंत गोदाम दिसेल.