परबांचं गाळलेलं वाक्य

सकाळी सकाळी परबांच्या तावडीत सापडलेला माणूस दुपारपर्यंत चिडलेला असे. मी तर रोज सापडायचो. अंधेरी पूर्वेच्या आमच्या कारखान्यात ते टाइमकीपर होते. फाटकाजवळच्या त्यांच्या खिडकीत कार्ड दाखवल्याशिवाय कुणाला आत सोडत नसत, आणि एप्रिल लागला की परब कार्डाच्या आधी डोकं बघत. "टोपी खंय तुझी? मेंदू शिजलो तर कंपनी दुसरो देतली काय?" मागे पन्नास माणसांची रांग, समोर पत्र्याच्या शेडमधून येणारी धग, आणि हे गृहस्थ टोपीची चौकशी करतायत. लेट मार्क लागला की तोही त्यांच्याच हाताने लागायचा.

परब मालवणजवळच्या एका गावचे. वीस वर्षं गिरणीत काढली आणि संपानंतर आमच्याकडे आले. ऊन, वारा, पाऊस, समुद्र यांतलं त्यांना सगळं कळायचं, आणि ते सगळं खरं असायचं. हीच तर पंचाईत होती. खरं बोलणाऱ्या माणसाने जरा गोड बोलावं, निदान वेळ बघून बोलावं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. एकदा प्रेस शॉपमधला एक जण उन्हाने चक्कर येऊन पडला. परब धावत आले, त्याला सावलीत घेतलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. इथवर उत्तम. पण त्याने डोळे पुरते उघडायच्या आत सुरू झाले, "काल सांगललंय तुका, पाणी पी म्हणान. सांगललंय का नाय?" तो बिचारा पडल्या पडल्या म्हणाला, "परब, जरा शांतपणे मरू द्या ना यार." सगळे हसले. परब हसले नाहीत.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात पिकनिकचा सेक्रेटरी मी होतो. मालाडच्या पलीकडे, मार्व्याच्या बाजूच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं. तारीख ऐकताच परबांनी भिंतीवरचं कॅलेंडर गाठलं. भरतीचं गणित त्यांच्या बोटांवर असे. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, जे येईल ते भरतीचे वाजले. "अमावास्या. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. बारापर्यंत पाणी भरतला, मगे ओढूक लागतला. तारीख बदल." तारीख मी एकदा त्यांच्याच हट्टापायी बदलली होती. बसवाल्याने त्यावरून मला नको नको ते ऐकवलं होतं. आता मी ठाम नाही म्हणालो.

"मगे दुपारी कोणाक पाण्यात सोडू नको," परब म्हणाले. "भरती काठार आणून टाकता, ओहोटी घेवन जाता. लाटो दिसल्यो की माणूस भियेता. ओहोटीक पाणी गरीब दिसता, तेवाच ता खाता. नोटिशीत लिही."

आणि त्यांनी स्वतःच एका चिठ्ठीवर वाक्य लिहून दिलं: 'जेवल्यावर जो पाण्यात उतरेल त्याने घरच्यांचा निरोप घेऊन यावे.'

हे वाक्य मी साहेबांच्या सहीला कसं पाठवणार होतो? दोन शब्द बदलून, नीट सूचना म्हणून लिहिता आलं असतं. तेवढं माझं मराठी नक्कीच चांगलं होतं. पण त्या आठवड्यात उकाड्याने जीव नकोसा झाला होता, शेडमधले पंखे गरम वाफ फेकत होते, आणि परबांच्या आवाजाचा मला वीट आला होता. मी ते वाक्य गाळलं. शिवाय भरतीच्या लाटांना बायका-मुलं घाबरतील म्हणून 'दुपारी २ ते ४ समुद्रस्नान' असं टाकलं. पाणी मागे जाईल, वाळू मोकळी होईल, क्रिकेटही होईल. मला माझी ही योजना फार हुशारीची वाटली होती.

टूलरूममधला गायकवाड त्या दिवशी पहिल्यांदा समुद्रात उतरत होता. मूळचा परभणीकडचा, राहायला भांडुपला, स्वभावाने गरीब. बायको आणि छोटी मुलगी मावशीकडच्या लग्नाला गेल्या होत्या, म्हणून एकटाच आला होता. परब सकाळपासून काठावर शिट्टी घेऊन उभे होते आणि सगळे त्यांची टिंगल करत होते. दोनच्या सुमारास ते समुद्राकडे पाठ करून डोंगराकडे बघायला लागले. तिकडे आभाळ शाईसारखं झालं होतं. "वळीव मागसून येता, भायर या सगळे," ते ओरडले. गायकवाड कमरेभर पाण्यात होता. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "अजून वेळ आहे ना हो, चारपर्यंत?" मी हो म्हणालो.

पाच मिनिटांत तो छातीभर पाण्यात दिसला, मग नुसतं डोकं. तो आमच्याकडे यायला हातपाय मारत होता आणि लांब लांब जात होता. आम्ही वीस-पंचवीस जण काठावरून जिवाच्या आकांताने ओरडत होतो, "गायकवाड, इकडे ये! इकडे ये!" परब आमच्या अंगावर धावून आले. "गप रवा रे! काठाक बोलवू नका तेका! आडवो जा, गायकवाड, आडवो! दमशीत!" ओढीतून सुटायचं तर काठाला समांतर जावं लागतं, हे परब सोडले तर आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मी तो झटकला आणि पुन्हा ओरडलो, "इकडे ये!" गायकवाडने आमचंच ऐकलं. आम्ही जास्त होतो.

मग वीज कडाडली आणि समोरचं काहीच दिसेनासं झालं. परब गळ्याएवढ्या पाण्यात गेले होते. त्यांना दोघांनी ओढून आणलं. विजा थांबेपर्यंत कोळ्यांनाही होडी घालता येईना. गायकवाड दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला.

चौकशी झाली. पिकनिकच्या आधी कुणी धोक्याची कल्पना दिली होती का, असं साहेबांनी एकेकाला विचारलं. परबांची पाळी आली तेव्हा मी दाराशीच उभा होतो. आता हा माणूस 'मी सांगललंय' म्हणणार आणि माझी नोकरी जाणार, हे मी धरून चाललो होतो. परब म्हणाले, "नाही, साहेब. कुणी काही बोललं नव्हतं."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच भयंकर रागही आला. बाहेर गाठून मी विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"सांगान गायकवाड परत येतलो काय? तुका दोन पोरां आसत." मग म्हणाले, "सांगूचाच आसात तर सायबाक कित्याक? भांडुपाक जा. तिका सांग. तिका कळाक होया."

मी गेलो. चाळीत दुपारची वेळ होती, मुलगी झोपली होती. गायकवाडच्या बायकोने पाणी दिलं, चहा टाकला. एकदाच तिने विचारलं, "त्यांना पाण्यातलं काही कळायचं नाही हो. कुणी अडवलं नाही का त्यांना?" मी नाही म्हणालो. चहा संपवला आणि निघालो.

पुढच्या वर्षी परब निवृत्त होऊन गावाला गेले. निघायच्या दिवशी टाइम ऑफिसच्या किल्ल्या माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, "भांडुपाक गेल्लंस?"

"गेलो होतो."

"सांगलंस?"

मी म्हणालो, "सांगितलं."

"बरा केलंस," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी मला बरं म्हटल्याचं मला आठवत नाही. दोन वर्षांनी ते गावीच वारले. कुणाच्या शब्दावर कधी विसंबून न राहणाऱ्या त्या माणसाने माझ्या तेवढ्या एका शब्दावर विश्वास ठेवला, आणि तो शब्द खोटा होता.