जिनेकाकांनी न पाहिलेले गोल

सोफे आणि खुर्च्या मढवणाऱ्या त्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत युरोपच्या स्पर्धेतल्या जुन्या फुटबॉल सामन्यांचा विषय निघाला, की घास हातातच राहतो. आपल्या क्लबाच्या नशिबी असे सामने तसे मोजकेच. पाच-सात वर्षांतून एकदा क्लब युरोपात खेळायला पात्र ठरतो, आणि खेळतो तेव्हा चाहत्यांचा जीव टांगणीला लावूनच खेळतो. त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येक सामना तोंडपाठ. कापड बेतणारा सांगतो, चेंडू दोन्ही खांबांना लागून बाहेर आला तेव्हा आपण शेजारी बसलेल्याच्या दंडाला चावलो होतो. तो शेजारीही तिथेच जेवत असतो. तो म्हणतो, "खूण अजून आहे," आणि बाही वर करतो. खूण कुणालाच दिसत नाही, पण मान सगळे डोलावतात.

जिनेकाका मात्र आपला डबा लवकर संपवून, तोंडात बारीक खिळे धरून खुर्चीच्या पाठीशी झटत असतात. त्यांना कुणी विचारलं, "काका, तो शेवटच्या मिनिटाचा गोल आठवतो का?" तर ते खिळे तळहातावर काढून म्हणतात, "आठवतो तर! त्या दिवशी जिन्यातला दिवा गेला होता, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं कपडे धुण्याचं मशीन धडधडत होतं."

यावर सगळे हसतात. काकाही हसतात. कारण गोष्ट खरीच होती. छत्तीस वर्षांत त्यांनी आपल्या क्लबाचा एकही युरोपातला सामना शेवटपर्यंत पाहिला नव्हता. सामना रंगात आला, पेनल्टी मिळाली, शेवटची दहा मिनिटं उरली, की हा गृहस्थ उठायचा आणि जिन्यात जाऊन बसायचा. खोलीतली मंडळी थांब म्हणायच्या ऐवजी त्यांना दाराकडे ढकलायची. का, तर काका आत असले की आपण हरतो.

हे ठरलं ते काका सोळा वर्षांचे असताना. थोरल्या बहिणीच्या घरी टीव्ही होता, आणि तिच्या नवऱ्याचे, म्हणजे दाजींचे, बस डेपोतले दहा-बारा मित्र सामना बघायला जमले होते. आपल्याविरुद्ध पेनल्टी दिली गेली. ताई म्हणाली, "धाकट्या, जा, जिन्यात जाऊन बस." धाकटा गेला, आणि आपल्या गोलकीपरने पेनल्टी अडवली. वर दहा मिनिटांत आपण दोन गोल केले. दाजींच्या मित्रांनी त्याला जिन्यातून खांद्यावर घेऊन आणलं आणि एकमताने ठराव केला: हा पोरगा पनवती आहे, पण कामाची पनवती आहे. वेळेवर बाहेर काढला की झालं!

दुसऱ्या कुणी हे मनाला लावून घेतलं असतं. जिनेकाकांनी ते मिरवलं. लोक क्लबासाठी घसा फोडतात, पदरमोड करून गावोगाव हिंडतात, तसा आपलाही हा खारीचा वाटा, असं त्यांनी धरलं. जिन्यात बसून बसून त्यांचा कान असा तयार झाला, की आत एखादी खुर्ची सरकली म्हणजे कॉर्नर, सगळे एकदम "अरेरे" म्हणाले म्हणजे संधी हुकली, आणि चिडीचूप झालं म्हणजे आपल्यावर गोल, हे त्यांना बसल्या जागी कळे. लग्नानंतरच्या पहिल्याच युरोपातल्या सामन्याला त्यांच्या बायकोने माहेरी फोन केला होता. "माणूस चांगला आहे गं आई," ती म्हणाली, "पण मधूनच जिन्यात जाऊन बसतो."

यंदा क्लब उपांत्य फेरीत गेला. बावीस वर्षांनी! पहिला सामना आपल्या मैदानावर एक-शून्य हरलो होतो. दुसरा परक्या मैदानावर होता आणि त्यात सगळा सोक्षमोक्ष लागायचा होता. पण खरी पंचाईत झाली होती ती ताईच्या घरात.

ताईच्या दोन्ही डोळ्यांत दोन वर्षांपूर्वी मधोमध डाग धरला. कडेकडेचं थोडं दिसे, पण समोर बघावं तर माणसाचं तोंडही नाही, तिथे चेंडू कुठला दिसायला! तरी तिने एक सामना चुकवला नाही. दाजी शेजारी बसून तिला सगळं सांगत. टीव्हीवर समालोचन असायचं, पण ताईचं त्यावर एकच म्हणणं होतं: "ती माणसं खेळाडूच्या आजीचंसुद्धा सांगतात, चेंडू कुठे आहे ते सोडून." दाजींनी तीस वर्षं बस चालवलेली. ते सामनाही बस चालवल्यासारखाच सांगत. "डावीकडे वळला. पुढे गर्दी आहे. थांबला. मागून एक जोरात येतोय, येतोय... घातला मध्ये!" ताईला सगळं मैदान दिसे.

आणि नेमकं त्या सामन्याच्या आधी पाच दिवस दाजींच्या घशाचं ऑपरेशन झालं. छोटंसंच, घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण डॉक्टरांनी दोन आठवडे अवाक्षर काढायचं नाही, असा दम भरला. दाजींनी एक पाटी आणि खडू घेतला. आता बायकोला वाचता येत नाही आणि नवऱ्याला बोलता येत नाही, म्हटल्यावर संसार कसा चालावा! जिनेकाकांची बायको रुग्णालयात परिचारिका, तिची त्या दिवशी संध्याकाळची पाळी. उरलं कोण?

"धाकट्या, तू सांगायचंस," ताईने फोनवर फर्मान काढलं.

"ताई, अगं मी? मी आत बसलो तर..."

"शेवटपर्यंत," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

जिनेकाका सामन्याच्या दिवशी कामावर दोनदा स्वतःच्याच अंगठ्यावर हातोडी मारून घेऊन संध्याकाळी ताईकडे पोचले. ताई सोफ्यावर मधोमध बसली होती. सोफा काकांनीच तिला मढवून दिलेला. एका बाजूला दाजी पाटी घेऊन, दुसरी बाजू रिकामी. काका तिथे कडेला टेकले, पाय दाराच्या दिशेला ठेवून.

पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी ताईचा जीव खाल्ला. "बाप रे," ते म्हणायचे. "गेला, गेला. नको रे तिकडे देऊ! हुश्श."

"कोण गेला? कुठे गेला?" ताई ओरडली. "अरे, चेंडू कुठे आहे ते सांग. तुझ्या पोटात काय होतंय ते मला नकोय."

दाजींनी पाटीवर भलंमोठं 'ऑफसाइड' लिहिलं आणि पाटी तावातावाने ताईच्या नाकापुढे नाचवली. "ह्यांना आधी आवरा कुणीतरी," ताई म्हणाली.

मग हळूहळू काकांना सूर सापडला. बस चालवणं त्यांना येत नव्हतं, पण शिवण येत होती. "त्यांची मागची फळी घट्ट आहे ताई, टाक्याला टाका लागलाय," ते सांगू लागले. "आपला सात नंबर उजव्या कडेने उसवायला बघतोय. एकाला चुकवलं. आता चेंडू मागे दिला, आठ नंबरकडे. तो मान वर करून बघतोय." ताईची मान त्या त्या बाजूला वळू लागली. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. ती पुटपुटली, "डावा बॅक मोकळा असेल बघ." आणि डावा बॅक खरंच मोकळा होता.

पण सत्तर मिनिटं झाली, शून्य-शून्यच राहिलं, आणि काकांच्या पायांना छत्तीस वर्षांची सवय आठवली. आता आपण इथे बसलो तर क्लब बाहेर फेकला जाणार आणि पाप आपल्या माथी, हे त्यांना लख्ख दिसू लागलं. ताईसाठी बसलोय खरं, पण तिला हवा आहे तो विजय. तो बाहेर बसूनच देता येईल. "पाणी पिऊन येतो," ते म्हणाले आणि सटकले.

जिन्यात गार वाटलं. काका पायरीवर बसले, डोळे मिटले, कान दिला. दहा-बारा मिनिटं काही नाही. मग एकदम सगळ्या इमारतीत आरोळी उठली. वरून, खालून, शेजारून. गोल! आपला गोल! काका उडाले, कठड्याला मिठी मारली, आणि दोन-दोन पायऱ्या चढत आत धावले. म्हणजे अजून चालतंय! अजून आपली जादू शाबूत आहे!

आत दाजी पाटी आपटत सोफ्याभोवती नाचत होते. ताई मात्र तशीच बसून होती.

"झाला ना गोल?" ती म्हणाली. "ओरडण्यावरून कळलं मला. कुणी मारला?"

काका दाजींकडे वळले. दाजींनी नाचायचं थांबून पाटीवर भराभर लिहिलं, मग ती खाली घेतली.

"बावीस वर्षं वाट बघितली मी ह्या गोलाची," ताई म्हणाली. "कसा मारला, कुठून आला, काही नाही. मला नुसता गोंगाट मिळाला."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गोलासाठी ते जिन्यात स्वतःची पाठ थोपटून घेत होते, तो ताईच्या हातून त्यांनीच काढून घेतला होता. पाटीवरचं वाचून ते कसंबसं बोलले, "नऊ नंबरने. डोक्याने."

दोन्ही सामने मिळून एक-एक बरोबरी. जादा वेळ सुरू झाला. काका आता इमानाने सांगत होते, पण आवाज बसला होता. त्या अर्ध्या तासात गोल झाला नाही, आणि पडद्यावर दोन्ही कप्तान नाणेफेकीला आले. पेनल्टी शूटआउट. काकांनी कपाळाचा घाम पुसला.

"ताई, तू म्हणशील ते ऐकेन, पण हे नको. आत्ताच पाहिलंस ना? मी बाहेर गेलो नि गोल झाला. छत्तीस वर्षं..."

ताईने त्यांचं मनगट धरलं. "बस खाली. तू पनवती नाहीस, धाकट्या. कधीच नव्हतास."

"पण पहिल्या दिवशीच..."

"पहिल्या दिवशी तुझे हात थरथरत होते. आई जाऊन चार महिने झाले होते. कुणी मोठ्याने हाक मारली तरी तू दचकायचास. त्या दिवशी ते दहा-बारा बाप्ये आरडाओरडा करत होते आणि तू आता रडशील असं मला दिसलं. त्यांच्यासमोर रडला असतास तर जन्मभर चिडवलं असतं तुला. म्हणून बाहेर पाठवलं. आणि जिंकल्यावर मीच म्हटलं, धाकटा बाहेर गेला म्हणून जमलं. तर ते तुला डोक्यावर घेऊन नाचले."

काकांनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी मान हलवली. त्यांनाही माहीत होतं.

"मग सांगितलं का नाहीस इतकी वर्षं?"

"सांगणार होते रे. पण तू तर मिरवायलाच लागलास! आठवीतल्या पोराला पदक मिळावं तसा जिन्यात बसायचास. कसं काढून घेऊ?" ताईने मनगट सोडलं नाही. "पण आता मला तुझे डोळे हवेत. मग क्लब हरला तरी चालेल."

काकांना राग आणि हसू एकदमच आलं. सोळा वर्षांच्या त्या पोराला आपल्या बहिणीने किती अलगद सावरून धरलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मारे खारीचा वाटा! पण पडद्यावर समोरच्या संघाचा पहिला खेळाडू चेंडू ठेवत होता. काकांनी पाय दाराकडून वळवून टीव्हीसमोर ठेवले.

"त्यांचा दहा नंबर," ते म्हणाले. "केस मागे घेतोय. गोल. कीपर चुकीच्या बाजूला." मग आपला पहिला. "आठ नंबर. फार शांत आहे ताई, शीळ घालतोय की काय कोण जाणे. गोल! वरच्या कोपऱ्यात." चार झाले त्यांचे, चार झाले आपले. कुणी चुकेना. दाजी खडू चावत होते. मग त्यांचा पाचवा पुढे आला, आणि काकांचा आवाज चढला. "धावला. मारला. अडवला! पायाने अडवला ताई, पडता पडता पायाने!"

ताईने त्यांच्या हातात नखं रुतवली. "आता आपला कोण?"

"डावा बॅक."

"त्याने आयुष्यात पेनल्टी मारली नाही!"

"नाही मारली. चेंडू ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. त्याचे हात थरथरतायत ताई."

काकांचे डोळे मिटू बघत होते. पापण्या जड झाल्या, जिना हाक मारत होता. त्यांनी डोळे एवढे ताणून उघडे ठेवले की त्यांना पाणी आलं.

"चार पावलं मागे गेला. श्वास घेतला. धावतोय. मारला... डावीकडे... कीपरच्या हाताला लागला... आत! आत गेला! गोल, ताई, गोल!"

इमारत हादरली. दाजी डॉक्टरांना न जुमानता घोगऱ्या आवाजात काहीतरी ओरडले आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबून धरत उड्या मारू लागले. ताईने धाकट्याचा चेहरा चाचपून दोन्ही तळव्यांत धरला.

"तू बघितलास?" तिने विचारलं.

"बघितला," काका म्हणाले. "अगदी जाळीत जाईपर्यंत."